नळावर हात

बंद दाराआडची चर्चा घरून घ्यायची ठरली, तेव्हा संपर्क अधिकारी बाईंच्या लक्षात आले की आपल्या घरात नीट बंद होणारे दार एकच आहे आणि ते न्हाणीघराचे आहे.

संस्थेच्या सभागृहाचे छत ऐन वेळी गळू लागले होते. जमिनीवर बादल्या मांडून परराष्ट्र धोरणावर बोलणे बरे दिसले नसते, म्हणून महासंचालकांनी चर्चा संगणकावर घेण्याचे फर्मान काढले. महासंचालक निवृत्त राजदूत होते. उभ्या कारकिर्दीत त्यांनी एकाही प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर दिले नव्हते. एवढे कौशल्य वाया जाऊ नये म्हणून निवृत्तीनंतर त्यांना परराष्ट्र धोरण चिंतन संस्थेवर आणून बसवले होते.

संस्थेचे काम तसे साधे. ज्यांच्या हातात धोरण आहे पण वेळ नाही अशा अधिकाऱ्यांची, ज्यांच्या हातात वेळच वेळ आहे अशा सभासदांशी गाठ घालून द्यायची. सभासद येत, कारण अधिकारी येतात. अधिकारी येत, कारण सभासद माना डोलावतात. आणि दोघेही आले की वार्षिक अहवालात ‘धोरणनिर्मितीत मोलाचा सहभाग’ असे छापता येई. अलीकडे मात्र अधिकारी फिरकेनासे झाले होते, आणि छत गळायच्या आधीच सभासद गळू लागले होते.

म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याने एकेक नवा सभासद आणावा असा आदेश निघाला. बाईंनी शेजारच्या टाइलवाल्या काकांना आणले. काकांनी जन्मभर फरश्या विकल्या आणि बसवल्या होत्या, आता मुलगा धंदा बघत होता आणि काकांना जगाची काळजी करायला सबंध दिवस मोकळा होता. पण काका सभासद झाले आणि नेमके त्याच सुमाराला त्यांचे आणि बाईंच्या सासूबाईंचे बिनसले.

कारण होते काकांचे चपलांचे कपाट. दोन्ही घरांच्या मधल्या सामाईक पॅसेजमध्ये ते काकांच्या दाराशी ठेवलेले होते. सासूबाईंचे म्हणणे असे की ते रोज थोडेथोडे त्यांच्या दाराकडे सरकते. काकांचे म्हणणे असे की कपाटाला पाय असले तरी ते चालत नाही. यावर दोन्ही पक्षांच्या अनेक फेऱ्या झाल्या होत्या. बाईंचा नवरा दातांचा डॉक्टर होता आणि घरात त्याचे धोरण अलिप्ततेचे होते. “तुमचं चालू द्या,” एवढे म्हणून तो दवाखान्यात निघून जाई.

आजच्या चर्चेला खुद्द परराष्ट्र खात्याचे सचिव येणार होते. महासंचालकांनी सकाळीच बाईंना फोन केला होता.

“मॅडम, आजचा कार्यक्रम नीट पार पडला तर आपल्या सर्वांसाठीच ते आश्वासक ठरेल. न पडल्यास तुमच्या नेमणुकीकडे आपल्याला नव्या दृष्टीने पाहावं लागेल.”

राजदूतांच्या भाषेची सवय असल्यामुळे बाईंना अर्थ कळला. नोकरी जाणार.

“आणि त्या ज्येष्ठ तज्ज्ञ बाई येतायत ना?”

“येतायत, सर,” बाई म्हणाल्या. तज्ज्ञ बाईंचा घसा बसल्याचा निरोप त्याआधीच येऊन पडला होता. पण सचिवांचे भाषण होऊन जाऊ दे, मग हळूच सांगू, असा विचार बाईंनी केला. त्यांना चिंता नव्हती, कारण संस्थेचा एक पवित्र नियम होता : इथे ऐकलेले बाहेर सांगितले तरी चालेल, पण ते कोण बोलले हे कधीही, कोणालाही सांगायचे नाही. त्यामुळे वक्त्यांची नावे आधीही जाहीर होत नसत. जे आलेच आहेत की नाही हे कोणाला ठाऊक नाही, ते आले नाहीत म्हणून कोण तक्रार करणार?

बाईंनी जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला, कानाला लावायची वायर जोडली आणि सासूबाईंना बजावले, “आई, तासभर या खोलीत येऊ नका हं. देशाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.”

“बरं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “मी कशाला येऊ देशाच्या आड?”

चर्चा सुरू झाली. पडद्यावर सभासदांचे चौकोन उगवले. एका चौकोनात निवृत्त सेनापती, एकात टाइलवाले काका कोट घालून, बाकीच्यांत बरीचशी कपाळे. बाईंच्या चौकोनात चेहऱ्याऐवजी संस्थेचे बोधचिन्ह होते. सचिवांनी घसा साफ केला.

“शेजारी राष्ट्रांशी आपले संबंध बहुआयामी असून...” आणि पहिला आयाम बाहेर पडण्याआधीच ते तोंड उघडे ठेवून पडद्यावर गोठले.

त्याच क्षणी बाईंच्या संगणकाने बॅटरी संपत आल्याची लाल सूचना दिली. चार्जर जागेवर नव्हता. बाईंनी घाईघाईने आवाज बंद करण्याचे बटण दाबले, वायर कानातून काढून टेबलावर टाकली आणि आतल्या खोलीत धावल्या. आवाज आधीच बंद होता, आणि बंद असलेले बटण दाबले की ते चालू होते, ही गोष्ट त्या गडबडीत त्यांच्या ध्यानात आली नाही.

इकडे महासंचालकांना सचिवांचे उघडे तोंड पाहवेना. “सचिव महोदय परत येईपर्यंत,” ते म्हणाले, “आपल्या ज्येष्ठ तज्ज्ञ, ज्यांचं नाव मी नियमानुसार घेणार नाही, त्यांनी शेजारच्या प्रश्नावर आपले विचार मांडावेत. मॅडम, बोला.”

आणि सासूबाईंचा फोन वाजला.

त्या घरात फोनला रेंज फक्त जेवणाच्या टेबलाजवळच्या खिडकीत मिळे. सासूबाईंनी दारातून डोकावून पाहिले. सून खोलीत नाही, म्हणजे देशाचे काम आटोपले. त्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. फोन धाकट्या बहिणीचा होता.

“काय सांगू तुला!” संस्थेच्या बोधचिन्हातून आवाज आला. “शेजारी आहे म्हणून माणसानं किती सोसायचं? बोलायला गेलं की गोड बोलतो, चहा पाजतो. आपली पाठ फिरली की इंचभर पुढे सरकतो.”

चौकोनांमध्ये कपाळे जाऊन चेहरे आले.

“भांडून काय होणार? भांडलं की चार लोक मध्ये पडतात, आणि मध्ये पडणारे कधी फुकट पडतात का? आपणही सरकायचं थोडं पुढे. विचारायला आला की म्हणायचं, अय्या, मला वाटलं ही तुमचीच पद्धत आहे!”

सेनापतींनी पेन शोधले. तेवढ्यात सचिव वितळले आणि ऐकू लागले.

“आणि वरच्यांचं नि त्याचं सध्या फिसकटलंय,” सासूबाईंनी आवाज खाली आणला. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याने काकांच्या रेडिओबद्दल तक्रार केली होती. पण देशाच्या वरच्या अंगालाही एक देश होताच, आणि सभासदांनी नकाशे मनात आणून एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिले. “हीच वेळ आहे वरच्यांना आपल्या बाजूला ओढायची.”

“मॅडम, पण पाण्याच्या प्रश्नाचं काय?” सचिवांनी स्वतः विचारले. वायर टेबलावर पडलेली असल्यामुळे सासूबाईंना ते ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. पण बहिणीलाही नेमकी तीच शंका आली असावी.

“पाणी आपल्याच बाजूनं जातं ना त्याच्याकडे! पण तोडायचं नाही हं. तोडलं की आपण वाईट. नुसतं नळावर हात ठेवून उभं राहायचं. त्याला दिसेल असं. बास.”

कोणीतरी ‘वा!’ म्हणाले.

“आणि समोरून आक्रमण झालं तर?” सेनापतींनी विचारले.

“तो काय करणार, डोंबल! गुडघे गेलेत त्याचे. जिना चढला की धापा टाकतो. उगीच आव आणतो झालं.”

शेजारी राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचे इतके निर्भीड वर्णन संस्थेत कोणी केले नव्हते. टाइलवाले काका तर हरखूनच गेले. आवाज ओळखीचा वाटायचे त्यांना कारण नव्हते, कारण सासूबाईंचा आवाज त्यांनी आजवर फक्त चढलेला ऐकला होता.

बाई चार्जर घेऊन आल्या तेव्हा सासूबाई “ठेवते गं, आमटी उतू जाईल,” म्हणत स्वयंपाकघराकडे वळत होत्या. बाईंनी पडद्याकडे पाहिले. सगळे चौकोन टाळ्या वाजवत होते. आवाजाचे बटण हिरवेगार होते. बाईंनी झडप घालून ते बंद केले.

चर्चा संपताच महासंचालकांचा फोन आला.

“मॅडम, अप्रतिम! सचिव भारावून गेलेत. ते ‘आमटी उतू जाईल’ तर काय सूचक होतं! कोण होत्या त्या? आवाज तज्ज्ञ बाईंचा नव्हता वाटला.”

“सर, खरं सांगायचं तर त्या माझ्या...”

“थांबा! सांगू नका. नियम आहे.”

“पण सर, तुम्हाला कळायला हवं, त्या...”

“मला काहीही कळायला नको. कळलं तर उद्या कोणी विचारल्यावर मला खोटं बोलावं लागेल. न कळता मी काय वाटेल ते बोलू शकतो.”

बाईंनी प्रामाणिकपणाचा प्रयत्न आणखी एकदोनदा करून पाहिला आणि नोकरी आठवून सोडून दिला. सोडून दिलेल्या गोष्टी जशा वाढतात तशी ही वाढली. वर्तमानपत्रांत ‘जाणकारांच्या वर्तुळातून’ लेख आले. एका विद्यापीठात नळ-सिद्धांतावर परिसंवाद झाला आणि त्यात नळ डाव्या हाताने धरावा की उजव्या यावरून दोन गट पडले. शेवटी मंत्रालयाच्या निवेदनात वाक्य आले, ‘शेजाऱ्यांच्या बाबतीत सरकारचा हात नळावर आहे.’ गळालेले सभासद परत आले.

पण सिद्धांत सर्वांत आधी अमलात आणला तो टाइलवाल्या काकांनी.

“सूनबाई, काय त्या बाई! काय त्यांची नजर!” ते बाईंना जिन्यात गाठून म्हणाले. “मी तर ठरवलंय, आता त्यांच्याच सल्ल्यानं चालायचं. तुझ्या सासूबाईंच्या बाबतीत. तू मनावर घेऊ नकोस हं, हा राजकारणाचा भाग झाला.”

दुसऱ्या दिवशी कपाट चांगलेच पुढे आलेले दिसले. सासूबाई जाब विचारायला बाहेर पडल्या. काकांनी दार उघडले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अय्या! मला वाटलं ही तुमचीच पद्धत आहे!”

सासूबाई न बोलता घरात आल्या. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. पुढच्या दिवसांत काकांनी रेडिओ बंद ठेवून वरच्या जोडप्याला आपल्या बाजूला ओढले. मग एके सकाळी गच्चीवरच्या टाकीपाशी जाऊन, सासूबाईंनी खिडकीतून वर डोके काढल्याचे बघून, ते नळावर हात ठेवून उभे राहिले. पाणी तोडले नाही. नुसते उभे. ऊन डोक्यावर आले तरी उभे.

“या माणसाला हे सुचणं शक्य नाही,” सासूबाई खिडकीतून मागे होत म्हणाल्या. “याला कोणीतरी शिकवतंय. कोणीतरी फार पोचलेली बाई आहे यामागे, सांगून ठेवते.”

बाईंना ठसका लागला.

त्यातच महासंचालकांचा निरोप आला. सचिवांना त्या तज्ज्ञ बाईंना प्रत्यक्ष भेटायचे होते. छत दुरुस्त झाले होते, निवडक सभासदांसह भोजन ठरले होते, आणि त्या विदुषी आल्या नाहीत तर सचिवही येणार नव्हते. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते. बाईंनी सासूबाईंना समोर बसवले आणि सगळे सांगून टाकले.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “म्हणजे मी फोनवर बोलले ते सचिवांनी ऐकलं?”

“हो, आई.”

“मग? पटलं का त्यांना?”

“आई, त्यांनी त्याचं धोरण केलं!”

“बघ. या घरातच माझं कोणी ऐकत नाही.” मग एकदम त्यांच्या कपाळावर आठी उमटली. “म्हणजे या टाइलवाल्याला शिकवणारी ती पोचलेली बाई...”

“तुम्हीच.”

स्वतःच्या हुशारीचा अभिमान वाटून घ्यावा की संताप, हे सासूबाईंचे ठरत नव्हते. शेवटी त्या उठल्या. “कुठली साडी नेसू?”

भोजनाच्या दिवशी टाइलवाले काका सर्वांच्या आधी येऊन बसले होते. त्या विदुषीच्या शेजारची खुर्ची त्यांनी महासंचालकांकडून आग्रहाने मागून घेतली होती. सासूबाई दारातून आत आल्या तशी काकांना वाटले, सून सासूला हौसेने जेवायला घेऊन आली असेल. महासंचालकांनी त्यांना मानाने काकांच्या शेजारी आणून बसवले तेव्हा मात्र काकांचा चमचा खाली पडला.

“तुम्ही?”

“मीच,” सासूबाई म्हणाल्या. “का? गच्चीवर ऊन फार लागलं वाटतं, चेहरा काळवंडलाय.”

“म्हणजे माझे गुडघे...”

“गेलेत ना? मग!”

“वहिनी, चारचौघांत तुम्ही माझे गुडघे काढलेत! आणि कपाटाचं म्हणाल, तर ते मी पहिल्यापासून...”

“पहिल्यापासून पुढे ढकलताय! माझ्या दारापर्यंत आलंय!”

“मी ढकललं नव्हतं! तुमच्या सल्ल्यानं ढकललं!”

टेबलाभोवती वह्या निघाल्या. मग पाने उलटल्याचा आवाज आला. सगळे सभासद लिहून घेत होते.

“कपाट म्हणजे वादग्रस्त भूभाग ना?” सेनापती शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले.

महासंचालक पटकन उठले. “सचिव महोदय, शेजारच्या प्रश्नाची धग कळावी म्हणून संस्थेने योजलेलं हे प्रात्यक्षिक. नावं अर्थातच बदललेली आहेत.”

“विलक्षण जिवंत आहे!” सचिव म्हणाले. त्यांच्यातला मुत्सद्दी जागा झाला. “मी एक सुचवू का? दोन्ही बाजूंनी एक संयुक्त समिती नेमून...”

“तुम्ही मध्ये पडू नका हो!” सासूबाई आणि काका एका सुरात ओरडले.

सचिवांनी हेही लिहून घेतले.

जेवणानंतर बाई सासूबाईंना शोधत हात धुवायच्या जागेपाशी आल्या आणि थबकल्या. बेसिनसमोर काका मान खाली घालून उभे होते.

“वहिनी, एक सांगतो, पण बिल्डिंगमध्ये बोलू नका,” ते म्हणत होते. “ते दोन-तीन दिवस सोडले तर कपाट मी कधीच ढकललं नाही. ते आपोआप सरकतं. पॅसेजच्या फरशीला उतार आहे. तुमच्या दाराकडे.”

“अहो, मग सांगायचं नाही का आधी?”

“कसं सांगू? फरशी मीच बसवलीये. जन्मभर लोकांना सांगत आलो, माझ्या फरशीवर गोटी ठेवा, जागची हलणार नाही.”

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांना हसू आवरेना. मग काकांनाही आवरेना. “कपाटाच्या पायाखाली पुठ्ठा घाला एक घडी करून,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “मी नाही कुणाला सांगायची.”

एका आख्ख्या देशाचे शेजारविषयक धोरण एका उताराच्या फरशीवर उभे होते, हे त्या क्षणी चौघांना कळले. चौथे महासंचालक. ते बाईंच्या मागे येऊन उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“मिटलं?” त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारले.

“मिटलं,” सासूबाई म्हणाल्या.

“असं करू नका हो! सचिवांनी आत्ताच दर महिन्याला भोजन ठरवलंय. मंत्री येणार म्हणतात. वाद मिटला तर मग बोलायचं कशावर?” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून सरळ वाक्ये बाहेर पडत होती. ते बाईंकडे वळले. “मॅडम, तुम्हाला मी शेजार विभागाची प्रमुख करतो. कायम. फक्त हे दोघे... हे असेच राहू देत.”

बाईंनी सासूबाईंकडे पाहिले. सासूबाईंनी काकांकडे पाहिले.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. परवा दुपारी बाई कामावरून लवकर घरी आल्या, तर दोन्ही दारे सताड उघडी होती. काका आणि सासूबाई टेबलापाशी चहा घेत बसले होते, आणि वरचे जोडपेही येऊन बसले होते. तेवढ्यात महासंचालकांचा फोन आला.

“मॅडम, उद्या मंत्री येतायत. शेजारची परिस्थिती काय म्हणते?”

“चिघळतेय, सर,” बाई चप्पल काढत म्हणाल्या.

“विश्वासाचं वातावरण उरलं नाही म्हणावं,” सासूबाईंनी बसल्या जागेवरून सुचवले.

“आणि माझी भूमिका ताठर झालीये,” काकांनी बशीत चहा ओतत जोड दिली.

बाईंनी दोन्ही वाक्ये जशीच्या तशी कळवली. पलीकडून समाधानाचा सुस्कारा ऐकू आला.

सासूबाईंनी काकांच्या कपात अर्धा कप चहा आणखी घातला. “भाऊजी, उद्या मी तुम्हाला विश्वासघातकी म्हणणार आहे हं. मंत्री आहेत, जरा जोरात म्हणावं लागेल. मनाला लावून घेऊ नका.”

“छे हो! बिनधास्त म्हणा,” काका म्हणाले. “फक्त गोड वाढून होऊ दे. मागच्या खेपेला तुम्ही भात संपायच्या आत म्हणालात, आणि निषेध म्हणून मला उपाशी उठून जावं लागलं.”